नानांना मरण्याची मनाई

तमाम नाट्यरसिक, आप्तेष्ट, भाऊबंद आणि पारोळा परिसरातील समस्त ग्रामस्थ यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझे सासरे, ज्यांनी आजवर यात्रेच्या रंगमंचावर असंख्य वेळा प्राण सोडले, ते यापुढे मरणार नाहीत. त्यांच्यावर तशी बंदी घालण्यात आली असून हुकूम त्यांच्या सख्ख्या मुलीने काढला आहे. कोणीही शोक करू नये.

हे निवेदन मी आमच्या धुळ्याच्या स्वयंपाकघरात, हातात लाटणं धरून, जमेल तेवढ्या जड आवाजात केलं होतं. समोर सासरे म्हणजे नाना पाटावर बसून शेवभाजीत भाकरी कुस्करत होते. हुकूम काढणारी माझी बायको तव्यापाशी उभी होती. तिने लाटणं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "झालं? आता बसा जेवायला." नानांनी मात्र मान वर केली नाही. त्यांना खरोखरच सुतक आल्यासारखं झालं होतं.

त्यांचं दुःख समजून घ्यायचं तर त्यांचं मरण पाहिलेलं हवं. नाना पारोळ्याजवळच्या एका गावचे. घरी कापूस आणि दादर ज्वारीची शेती. पण यात्रेच्या रात्री चावडीपुढच्या फळ्यांवर उभे राहिले की ते राजे असत, सरदार असत, आणि नाटक कोणतंही असो, शेवटी ते मरत. मरण कसं, तर सविस्तर. आधी गुडघे वाकत. मग एक हात छातीवर जाई. मग एक गिरकी. मग आईला हाक, मग मातीला, मग बैलांना, आणि राजा असूनही यांना बैल कुठून आले हे कोणी विचारत नसे. मग एक लांब नजर, थेट मागच्या लिंबाच्या झाडापर्यंत. आणि मग धप्प. लोक ओरडत, "वन्समोर." नाना उठत, धूळ झटकत, हात जोडत आणि पुन्हा गुडघ्यांपासून सुरुवात करत.

त्यांना मारण्याचं काम आबांकडे असे. आबा म्हणजे नानांचे लहानपणापासूनचे दोस्त, शेताला शेत लागून, आणि रंगमंचावर कायमचे खुनी. लाकडी तलवारीने भोसकायचं आणि बाजूला उभं राहून वाट बघायची. ही वाट बघणं सोपं नव्हतं, कारण नानांना मरायला वेळ लागे आणि आबांना मिशी चिकटवलेल्या जागी खाज सुटे.

या मरणाला गावात एक रीत जोडली गेली होती. नाना पडले की आबा टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन पुढे येत आणि मृतदेहाचा सत्कार करत. आधी मारायचं आणि मग सत्कार करायचा, दोन्ही आबाच. मृतदेह डोळे मिटलेलेच ठेवून डोकं जरासं उचले, टोपी घालून घेई आणि पुन्हा मान टाके. मी लग्न झाल्यावर पहिल्या यात्रेला हा प्रकार पाहिला तेव्हा इतका हसलो की सासरच्या मंडळींनी मला पाणी आणून दिलं. त्यांच्या मते हसण्यासारखं काहीच झालं नव्हतं. माणूस चांगला मेला, त्याला मान दिला. त्यात काय.

तर असे हे नाना, आणि त्यांची मुलगी प्राणिशास्त्र शिकवते. धुळ्याच्या महाविद्यालयात तिची बरीच वर्षं गेली. तिचा जीव ज्या विषयात अडकलाय तो म्हणजे पेशी, आणि त्यातही म्हाताऱ्या पेशी. माहेरी मात्र ती अजून बेडूक कापते असाच समज. गावी गेलं की कोणीतरी विचारणारच, "काय वं, आते बी बेंडूक कापस का?" ती सांगते की बेडूक कापणं कधीच बंद झालं. त्यावर समोरचा सहानुभूतीने मान हलवतो, जणू तिची नोकरीच गेली.

मागच्या हिवाळ्यात जळगावच्या एका महाविद्यालयात विज्ञान नाटकांची स्पर्धा ठरली. बायकोने एक छोटं नाटक लिहिलं. विषय तोच, म्हाताऱ्या पेशी मरायच्या वेळी मरत का नाहीत. मी तिला म्हणालो, बक्षीस मिळेल. ती म्हणाली, "बक्षीस गेलं खड्ड्यात. मी आयुष्यभर काय शिकवलं ते माझ्या घरच्या एका तरी माणसाला बरोबर कळावं, एवढंच." हे ती इतकं सरळ बोलली की माझ्या तोंडी आलेला विनोद मी परत गिळला. ही गोष्ट आमच्या घरात वारंवार घडत नाही.

म्हाताऱ्या पेशीचं काम करणारा गृहस्थ ऐन वेळी बदली होऊन नंदुरबारला गेला. त्याच सुमारास नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले होते. डोळा बरा झाला होता आणि दिवसभर करायला काही नव्हतं. बायकोने त्यांनाच विचारलं. नाना पलंगावर ताठ बसले. डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला.

"मी कोनत्या अंकमा मरस?"

"एकच अंक शे नाना. आनि तुमी मरतस नई."

"मरतस नई म्हनजे? लढाईमा बची जास का?"

"लढाईच नई."

नानांनी चष्मा पुन्हा घातला. "मंग लोके देखतीन काय?"

त्या दिवशी तिने त्यांना सगळं समजावलं. मी भाजी निवडण्याच्या मिषाने तिथेच बसलो, कारण आमच्या घरात मनोरंजनाचा याहून चांगला कार्यक्रम नसतो. ती म्हणाली, प्रत्येक पेशीच्या पोटात तिच्या मरणाची तयारी आधीपासून करून ठेवलेली असते. नानांनी विचारलं, जन्मापासून? ती म्हणाली, जन्मापासून. पेशी बिघडली, कामाची उरली नाही, की आतून हुकूम सुटतो. मग ती पेशी आकसते, स्वतःचं सामान छोट्या छोट्या गाठोड्यांत बांधते आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी उचलून नेतात. आवाज नाही, घाण नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही. हे सांगताना ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि पेशीचं मरण म्हणजे नेमकं तसंच काहीतरी असावं असं वाटत होतं.

नाना खूश झाले. "हाई मरन चांगलं शे. मले हाईच दे."

"ते तरण्या पेशीचं शे नाना. ते एक विद्यार्थिनी करणार आहे. तुमी म्हातारी पेशी."

"आनि म्हतारीले मरन नई?"

"हुकूम येतो. पण ती ऐकत नाही."

तिथून खरी गंमत सुरू झाली. म्हातारी पेशी वाढायचं थांबते, पसरट होते, जागा अडवून बसते. पण नुसती बसत नाही. आजूबाजूला सतत काहीबाही पाझरत राहते, त्याने शेजारच्या पेशींना दाह होतो. नाना मध्येच हसले. म्हणाले, आमच्या पारावर असा एक बसतो. बायको म्हणाली, सगळ्यांच्या पारावर असतो. पण पुढचं ऐका. तो दाह आणि आतली मोडतोड इतकी असते की खरं तर ही पेशी मरणाच्या उंबऱ्यावर उभी असते. जरा धक्का लागला की संपली. मग ती टिकते कशी? तर पेशीच्या आत वीजघरं असतात. त्यांचं दार फुटलं की मरणाचं काम सुरू होतं आणि मग ते थांबत नाही. म्हातारी पेशी काय करते, त्या दारावर रखवालदार वाढवते. ते रखवालदार म्हणजे पेशीनेच बनवलेली प्रथिनं. दुसऱ्या पेशींकडेही असतात, पण हिच्याकडे जास्त, आणि हिचा सगळा जीव त्यांच्यावरच तरलेला. काही ठिकाणी आता अशी औषधं तपासून बघतायत, जी रखवालदारांनाच बाजूला करतात. रखवालदार हटला की अशी पेशी लवकर कोसळते.

"मंग ते औषध नाटकमा दाखाड," नाना म्हणाले. मी ओळखलं, हे मरायला पळवाट शोधतायत.

"नाही. अजून माणसांवर त्याचं काय होतं ते नीट कळलेलं नाही. जे पक्कं नाही ते मी स्टेजवरून सांगणार नाही."

मग नानांनी जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. म्हणाले, मग ती पेशी वाईट का? बायकोच्या हातातला टॉवेल अर्धवट घडीत राहिला. ती म्हणाली, नाही. बिघडल्यावर वाढायचं थांबली म्हणून तर पुढचं मोठं नुकसान टळलं, नाहीतर भलतीच वाढली असती. जखम भरायलाही अशा पेशी मदत करतात. काम झालं की शरीरातले सफाईवाले येऊन त्यांना उचलून नेतात. पण शरीर म्हातारं झालं की सफाईवालेही थकतात. मग या तशाच साचत जातात.

"म्हनजे तिना काय दोष?"

"दोष नाही नाना. वेळेवर न्यायला कोणी आलं नाही, एवढंच."

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि मेथीची जुडी पुढे ओढून स्वतःच निवडायला घेतली. भूमिका स्वीकारल्याची ती खूण होती.

तालमी आमच्या गच्चीवर होत. नानांना पांघरायला एक भलीमोठी गोधडी दिली होती, म्हणजे पेशी पसरट दिसावी. त्यांच्या मागे वीजघराचं दार, ते म्हणजे आमच्या मोडलेल्या कपाटाची फळी. ती धरून उभे राहणारे दोन रखवालदार. एक मी आणि दुसरा माझा ऑफिसमधला मित्र, जो इतका धिप्पाड आहे की एकट्याने चार प्रथिनांचं काम करू शकला असता. आम्हाला संवाद नव्हते. माझ्यासारख्या ज्या माणसाने आयुष्यभर संवादांशिवाय एक मिनिट काढलं नाही त्याला बायकोने निवडून निवडून मुकं काम दिलं, यात तिचा काही हेतू नसेल असं मी मानत नाही.

अडचण वेगळीच निघाली. हुकूम घेऊन येणारा निरोप्या हलगी वाजवत येई, आणि हलगी वाजली की नानांचे गुडघे वाकत. ते मुद्दाम करत नव्हते. इतक्या यात्रांत हलगीवर मरण्याची सवय त्यांच्या गुडघ्यांत साठलेली. बायको ओरडे, "नाना, गुडघे." नाना सरळ होत आणि खजील होत. शेवटी तिने आम्हा दोघांना सांगितलं, "हलगी वाजली की यांच्या काखेत हात घालायचा आणि धरून ठेवायचं. पडू द्यायचं नाही. रखवालदाराचं काम तेच असतं." मग नानांना समोर बसवून म्हणाली, "तुम्ही मेलात ना, तर लोक घरी जाऊन सांगतील की म्हातारी पेशी मरते. सगळं उलटं होईल. माझं नाटकच खोटं पडेल. कळलं?"

"कळनं," नाना म्हणाले. पण त्याच दिवसांत ते कोपऱ्यात त्या विद्यार्थिनीला मरायला शिकवत होते हे मला माहीत होतं. पुढच्या तालमीत ती नीटनेटकी आकसायची सोडून छातीवर हात ठेवून गिरकी घेऊ लागली आणि आईला हाक मारली. बायकोने तालीम थांबवली. "पेशीला आई नसते," ती म्हणाली. नानांनी आकाशातल्या घारीकडे बघितलं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने निघालो. फळी बसच्या टपावर, गोधडी नानांच्या मांडीवर. पारोळा आलं तसं नानांनी खिडकीतून किल्ल्याकडे बघत सहज सांगितलं, "आबा येई ऱ्हायना. गाववाला बी येतीन."

बायको माझ्याकडे वळली, मग त्यांच्याकडे. "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"म्हनं, जळगावले मन्हं नाटक शे. या."

"मरणार नाही हे सांगितलं?"

नाना म्हणाले, "त्यासनी इचारं नई." आणि ते खरंच होतं. सूर्य उगवेल का असं कोणी विचारत नाही.

जळगावचं सभागृह मोठं होतं, खुर्च्या मऊ होत्या. पहिल्या रांगेत परीक्षक. मधोमध एक डॉक्टरबाई, हातात पेन, चेहऱ्यावर काही नाही. त्यांच्या बरोबर मागच्या दोन रांगा नानांच्या गावाने धरल्या होत्या. टोप्या, पांढरे सदरे, बायकांचे हिरवे-जांभळे पदर, आणि मध्ये आबा. त्यांच्या मांडीवर पिशवी. पडद्याच्या फटीतून मी ती पिशवी पाहिली आणि तिच्या गोलाईवरून आतला नारळ ओळखला. मी बायकोला सांगायला वळलो, पण तिनेही ते पाहिलं होतं. ती म्हणाली, "अहो, आज काहीही झालं तरी त्यांना सोडू नका." लग्नात सुद्धा तिने माझा हात इतका घट्ट धरला नव्हता.

नाटक सुरू झालं. तरणी पेशी आली, बिघडली, हुकूम आला, ती आकसली, तिने गाठोडी बांधली, शेजारणींनी उचलली. सगळं देखणं, शांत, शास्त्रशुद्ध. डॉक्टरबाईंनी काहीतरी लिहिलं. मागून नानांच्या गावच्या एका आजीचा आवाज आला, "मरनी का? कवय मरनी?" तिच्या शेजारणीने तिला सांगितलं की मरनी, पण त्यात काही दम नव्हता.

मग नाना आले. गोधडी पसरून मधोमध बसले आणि गावाने टाळ्या वाजवल्या. मागे फळी, फळीला आम्ही. नाना सुंदर करत होते. शेजारच्या पेशींना ते असे काही टोचून बोलत, कुरकुरत, खोकत की प्रेक्षागृहात सगळ्यांनाच आपापल्या घरातलं कोणी ना कोणी आठवलं असावं. निरोप्या आला. "हुकूम आला आहे." नाना म्हणाले, "मला ऐकू आलं नाही." हशा. निरोप्या पुन्हा आला. नाना म्हणाले, "उद्या ये." मोठा हशा. विंगेत बायकोचे ओठ प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते.

तिसऱ्या वेळी निरोप्याने हलगी काढली.

पहिल्या थापेला नाना उभे राहिले. तसं संहितेतही होतं. दुसऱ्या थापेला मागून आरोळी आली, "नाना, येऊ द्या आते." तिसऱ्या थापेला कोणीतरी आगाऊच वन्समोर दिला. आणि मी त्यांच्या काखेत हात घातला तेव्हा मला जाणवलं की वजन खाली येतंय. गुडघे निघाले होते. छातीकडे जाणारा हात माझ्या मित्राने वाटेतच पकडला. नाना खाली ओढत होते, आम्ही वर ओढत होतो. समोर दोन रांगा माना उंच करून बसलेल्या, आणि नानांच्या कपाळावर घाम. मला त्या क्षणी त्यांची दया आली. एका माणसाला जे आयुष्यात सर्वांत छान जमतं, ते त्याच्या माणसांसमोर करू द्यायचं नाही म्हणजे काय.

आबांनी गुडघे पाहिले. गुडघ्यांनंतर काय येतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? ते उठले, डॉक्टरबाईंच्या खुर्चीला वळसा घालून बाजूच्या पायऱ्या चढले आणि टॉवेल, टोपी, नारळ घेऊन थेट प्रकाशात आले. निरोप्या बावचळून थांबला. विंगेत बायकोने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"कर लवकर," आबा नानांना म्हणाले. "मी उभा शे."

नाना अर्धे वाकलेले, आमच्या हातांत लोंबकळलेले. त्यांनी टोपीकडे पाहिलं. मग विंगेकडे पाहिलं. आणि मग माझ्या हातांवरचा भार हळूहळू कमी झाला. नाना सरळ उभे राहिले.

"आबा, खाले जाय. आज मी मरत नई."

"गुडघा वाकाडा ना तू? मी दखं."

"वाकाडा. पन ह्या दोन्ही धरी उभा शेतस. मरू देतस नई."

आबांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोडा रे त्याले. पाव्हना, तुमी बी यामा?"

मला संवाद नव्हता. पण मुका असलो तरी जावई होतो, उत्तर देणं भाग होतं. "मी रखवालदार आहे," मी म्हणालो.

"कोना?"

"यांचाच. यांनीच ठेवलाय."

आबा नानांकडे वळले. त्यांना खरोखरच काही समजत नव्हतं, आणि मित्राला समजत नसेल तर नाना ते सोडून देणारे नव्हते. संहितेचा विषय तिथेच संपला. "मरानं तुले, आनि रखवालदार बी तूच ठेवस?" आबांनी विचारलं.

"तेच ते," नाना म्हणाले. "दख, मन्हा अंगमा इख भरेल शे. कोनी घालं नई, मीच बनाडस. शेजारले चटका लागतस. त्याच इखथीन मी कवयच मरी जातू. म्हनीसन ह्या ठेवात. जितला मरनले जवळ, तितला रखवालदार जास्ती."

"आनि हाई सोडी दिधं तर?"

"तर मी पडस. लगेच."

"मंग तुले नेवाले कोनी येत नई का?"

"येतस ना. सफाईवाला येतस. पन त्या बी म्हतारा हुई ग्यात. दारलोंग येतस आनि दम लेतस."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं होतं. विंगेत बायको हात डोक्यावरून खाली घेऊन एका लाकडी खोक्यावर बसली होती. तिचे ओठ आता हलत नव्हते, कारण यातला एकही शब्द तिने लिहिलेला नव्हता, आणि यातला एकही शब्द चूक नव्हता. ती रडत होती की हसत होती हे मला तिथून दिसलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, लाइट डोळ्यांवर येत होता.

निकाल इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जागा उरणार नाही. आमचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर प्लास्टिकच्या पिशव्यांवरच्या एका नाटकाला गेला, त्यात खरी गाय आणली होती, आणि गायीपुढे कोणाचं काय चालणार. डॉक्टरबाई नंतर मागे आल्या आणि बायकोला म्हणाल्या, तो प्रेक्षकातून माणूस वर येण्याचा प्रसंग फार छान लिहिलाय. बायकोने आभार मानले. मी तिच्या कानात म्हणालो, हे खोटं नाही का? ती म्हणाली, गप्प बसा, तुम्हाला संवाद नाहीत.

पण रंगमंचावर अजून आबा उभे होते. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात नारळ. सफाईवाल्यांचं ऐकून ते थोडा वेळ मान हलवत राहिले. त्यांना पटलं होतं. दुःख झालं होतं, पण पटलं होतं. त्यांनी नानांकडे एकदा पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं, मग गावाच्या रांगांकडे वळले आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात, म्हणजे चावडीवरून लिंबाच्या झाडापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, म्हणाले, "आमी पारोळाथीन गाडी करीसन उनूत, आनि हाऊ बुढा मराले तयारच नई."